संध्याकाळी साडेसातनंतर रोव्हरचा फिक्स सुटतो, सिम की अँटेना की वरचं काही?

माणदेशी_रोव्हर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. सांगोला-आटपाडी पट्ट्यात एका सोलर प्लांटचं टोपो (जमिनीच्या चढउताराचा सर्व्हे) आणि पुढं पाईल (पॅनेलचे खांब) मार्किंगचं काम चालू आहे, रोव्हरवर, म्हणजे पोलवर लावायचा सॅटेलाईट रिसिव्हर. मार्च संपत आलाय, अकरानंतर पोल हातात धरवत नाही एवढं ऊन, पोरं वैतागली, म्हणून साईटवर ठरवलं की दुपारी सुट्टी आणि संध्याकाळी पाच ते रात्री दहा काम उरकायचं, हेडलॅम्प लावून. आयडिया चांगली होती पण आता वेगळंच लागलंय मागं.

सकाळी मशीन एकदम मख्खन, चालू केलं की दहा-पंधरा सेकंदात फिक्स, म्हणजे सेंटिमीटरची पक्की पोझिशन. संध्याकाळी सातपर्यंतपण ठीक. साडेसात-आठ वाजले की खेळ सुरू, फिक्स-फ्लोट-फिक्स-फ्लोट (फ्लोट म्हणजे अजून कच्ची पोझिशन), मधे पाच मिनिटं बरं चालतं की परत तेच, आणि साडेदहा-अकरापर्यंत हे असंच. फ्लोट दाखवतंय तोपर्यंत मी पॉईंट घेत नाही त्यामुळे त्याचं काही नाही, पण काल स्क्रीनवर फिक्स, आरएमएस (मशीनच्या अंदाजाने चूक) २ सेंमी, आणि त्याच टीबीएमवर (लेव्हल ठरलेली साईटवरची खूण) पोल ठेवला तर लेव्हल सकाळपेक्षा १८ सेंमी वर. प्लॅन बरोबर, उंचीच गंडलेली. मग आधी घेतलेल्या पॉईंटांचं काय समजायचं?

बेस (एका जागी ठेवलेलं दुसरं मशीन, रोव्हरला करेक्शन पाठवतं) आमचा स्वतःचा, साईटवरच, ३ किमीच्या आत, रेडिओवर. मधे कॉर्सवर (कायमच्या बेस स्टेशनांचं जाळं) एनट्रिप, म्हणजे सिमच्या नेटवरून करेक्शन, लावूनपण बघितलं, तेच. आकाश मोकळं, माळरान आहे, झाड औषधाला नाही. सॅटेलाईट ३० च्या वर. डीलर म्हणतो अँटेना गेली, नवीन घ्या. क्लायंटचा इंजिनियर म्हणतो ऑपरेटरला येत नाही. कुणाला अनुभव?

बेसस्टेशन_बाप्पा

सिम बदल भावा. संध्याकाळी गावात सगळे रील बघत बसतात, टॉवरवर लोड येतो, करेक्शन लेट येतं. आमच्याकडं अगदी असंच व्हायचं.

माणदेशी_रोव्हर

रेडिओवर पण होतंय की दादा. आणि एज ऑफ करेक्शन (करेक्शन किती जुनं ते) बघितलं, १ सेकंद, कधी २. सिमचा प्रश्न असता तर ते ८-१० वर चढलं असतं ना.

चुंबकसुई

सिम नाही आणि अँटेनापण नाही. वेळ, महिना आणि जागा तिन्ही बघितलं तर हे आयनोस्फिअर आहे, त्यातलं सिंटिलेशन, म्हणजे सिग्नलचं लुकलुकणं. याच विषयात काही वर्षं पीएचडीच्या निमित्ताने घासली आहे, आता नोकरी वेगळी करते पण डोक्यातून जात नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते, कंटाळा आला तर खालचा परिच्छेद वाचा.

आयनोस्फिअर म्हणजे वातावरणाचा वरचा भाग, साधारण ८० किमीपासून वर हजार किमीपर्यंत, तिथल्या हवेतल्या अणूंचे इलेक्ट्रॉन सूर्यामुळे सुटे झालेले असतात. सॅटेलाईटचा सिग्नल त्यातून येताना त्याच्या कोडला उशीर होतो, जितके इलेक्ट्रॉन जास्त तितका उशीर जास्त, आणि फ्रिक्वेन्सी कमी तर अजून जास्त. इलेक्ट्रॉन मोजायचं एक युनिट आहे, टेक युनिट म्हणतात, एका युनिटला एल१ वर (जीपीएसची मुख्य फ्रिक्वेन्सी; एल२, एल५ त्याहून कमी) १६ सेंमी चूक. आपल्याकडं सौर कमालीच्या (सूर्य सगळ्यात जास्त सक्रिय असतो त्या) वर्षांत दुपारी दोन-तीनला १०० युनिट होणं काही नवल नाही, म्हणजे १६ मीटर. ही चूक आरटीकेमध्ये (बेसच्या करेक्शनवर जागेवरच पोझिशन काढणं, तू करतोस ते) दिसत नाही कारण बेस आणि रोव्हर दोघांच्या डोक्यावर जवळपास तेवढंच आयनोस्फिअर असतं, वजाबाकीत उडून जातं. तुझा बेस ३ किमीवर आहे, तिथं तर नक्कीच उडतं. म्हणून दुपारी तुला काही जाणवत नाही. कॉर्सवर ४० किमी लांब असतास तर दुपारीपण फिक्सला वेळ लागला असता, तो वेगळा त्रास.

संध्याकाळचं प्रकरण वेगळं. सूर्य मावळला की खालच्या थरातले इलेक्ट्रॉन भराभर परत अणूंना चिकटतात, थर रिकामा होतो, आणि चुंबकीय विषुववृत्ताच्या आसपास नेमकं त्याच वेळी विद्युत क्षेत्र वाढून वरचा दाट थर आणखी वर ढकलला जातो. आता वर जड, खाली हलकं. तेलावर पाणी ओतल्यासारखं, हे टिकत नाही, खालचं विरळ वरच्या दाटात घुसतं आणि त्याचे बुडबुडे शेकडो किलोमीटर वर चढत जातात. यांना प्लाझ्मा बबल म्हणतात. उत्तर-दक्षिण ते चुंबकीय रेषांच्या बाजूने लांबच लांब पसरतात, म्हणून उगम दक्षिण टोकाला असला तरी महाराष्ट्र, गुजरातपर्यंत पोचतात. चुंबकीय विषुववृत्त तिरुनेलवेली-तिरुवनंतपुरमजवळून जातं. १९६३ ला पहिलं रॉकेट उडवायला थुंबा निवडलं ते याचसाठी.

या बुडबुड्यांच्या कडेला काहीशे मीटर आकाराच्या बारीक गाठी असतात. त्यातून आलेला सिग्नल सेकंदासेकंदाला मोठा-बारीक होतो आणि त्याची फेज थरथरते. आता आरटीके म्हणजे काय, कॅरिअरच्या लाटा मोजणं. एल१ ची लाट १९ सेंमीची, एल२ ची २४. सिग्नल क्षणभर इतका पडला की रिसिव्हरची मोजणी चुकली, की सायकल स्लिप. पूर्ण आकडा परत शोधावा लागतो, तोपर्यंत फ्लोट. चार-पाच सॅटेलाईटना एकदम झालं की घाईत चुकीचा आकडा पकडला जातो आणि स्क्रीन मात्र आनंदाने फिक्स दाखवते. तुझा १८ सेंमी बघून एकच लाट सरकली म्हणायचा मोह होतो पण तसं सरळ नसतं, कोणते सॅटेलाईट कुठं आहेत त्यावर ती चूक वाटली जाते, आणि उंचीत जास्त दिसते कारण सगळे सॅटेलाईट डोक्यावर, पायाखाली एकही नाही.

इथं बेस जवळ असून उपयोग होत नाही. गाठी इतक्या बारीक की बेस आणि रोव्हरला वेगवेगळा मार बसतो, शिवाय बेसलाही स्लिप होतात आणि त्या करेक्शनमधून तुझ्याकडं येतात.

महिना: भारताच्या रेखांशाला फेब्रुवारी अखेर ते एप्रिल आणि मग सप्टेंबर-ऑक्टोबर, विषुवदिनाच्या आजूबाजूला, कारण तेव्हा सूर्यास्ताची रेषा आणि चुंबकीय रेषा जवळपास एका ओळीत येतात. मे-जूनमध्ये बरंच कमी होतं.

ड्रोनदादा_नाशिक

ताई एक नंबर लिहिलंय. पण मी तर रोज केपी इंडेक्स बघून उडवतो, ॲपमध्ये ५ च्या खाली असेल तर ग्रीन. मागच्या आठवड्यात केपी २ होता सगळे दिवस. मग माणदेशीला त्रास कसा?

चुंबकसुई

केपी म्हणजे जगभराच्या चुंबकीय वादळाचा आकडा, आणि ती ॲप मुळात वरच्या अक्षांशांवरच्या लोकांसाठी बनलेली. आपल्याकडच्या बुडबुड्यांना वादळ लागत नाही, शांत दिवशीपण संध्याकाळी येतात. उलट वादळ आलं तर कधी कधी त्या संध्याकाळी बुडबुडे येतच नाहीत. विद्युत क्षेत्र उलटं फिरलं की वरचा थर उचललाच जात नाही. कधी मात्र वादळामुळेच मध्यरात्रीनंतर नवे उगवतात. म्हणजे केपी २ बघून रात्री आठला निश्चिंत होण्यात अर्थ नाही. घड्याळ आणि कॅलेंडर बघ, ते जास्त खरं बोलतं.

पोलधारी_काका

मी कालव्याच्या आणि रस्त्याच्या कामावर केस पांढरे केलेत. २०१३-१४ ला मराठवाड्यात कालव्याच्या लेव्हल घेताना आम्ही हेच भोगलंय, तेव्हा तर मशीनला जीपीएस आणि ग्लोनास दोनच, संध्याकाळी पाच सॅटेलाईट राहायचे हातात. नंतर २०१६ ते २०२० बघ, काही म्हणजे काही त्रास नाही, आणि याच काळात गल्लोगल्ली रोव्हर आले, किंमती पडल्या, नवीन पोरं धंद्यात आली. त्यांनी सूर्य झोपलेलाच बघितलाय. आता २०२४ ला सूर्य कमालीवर गेला, नासा आणि नोआ दोघांनीही त्या ऑक्टोबरमध्ये तसं सांगितलं, आणि मशीन चार वर्षं जुनं झालेलं, मग डीलरला सोपं, अँटेना गेली म्हणायचं. डीलरपण नवीन पोरगं असतं रे, तो खोटं बोलत नसतो, त्यालाही माहीत नसतं.

माणदेशी, अँटेनावर पैसे घालायच्या आधी एवढं बघ. संध्याकाळी आठला मशीन ट्रायपॉडवर ठेव, हातात धरू नको, आणि स्कायप्लॉटचं पान उघडून प्रत्येक सॅटेलाईटच्या सिग्नलचा आकडा, एसएनआर की काय ते, शांत बसून बघ. अँटेना किंवा केबल खराब असेल तर सगळ्यांचाच आकडा कायम कमी, सकाळीपण. जवळ कुणी जॅमर लावला असेल, ट्रकवाले लावतात कधी कधी, तर सगळ्यांचा एकदम पडतो, ट्रक गेला की एकदम चढतो. आणि हे वरचं असेल तर चार जण ४५ वर मजेत आणि शेजारचा ४२, ३०, ४४, २८ असा नाचत असतो. मग थोड्या वेळाने तो शांत आणि दुसरा नाचायला लागतो.

चुंबकसुई

काकांनी लाख मोलाचं सांगितलं. त्यात भर एवढीच की बुडबुडे पश्चिमेकडून पूर्वेकडे सरकतात, सेकंदाला साधारण १०० मीटर, त्यामुळे बरेचदा पश्चिमेकडचे सॅटेलाईट आधी नाचतात आणि मग पूर्वेकडचे. आणि दक्षिणेला खाली असलेले जास्त मार खातात कारण आपल्या इथून तिकडं बघताना सिग्नल बुडबुड्याच्या लांबीतून येतो, आडवा छेदून नाही.

मल्टिपाथची (सिग्नल कशावर तरी आपटून येण्याची) शंका असेल तर जीपीएसचं चित्र रोज चार मिनिटं लवकर रिपीट होतं, पत्र्याच्या शेडचा त्रास असेल तर तोच सॅटेलाईट उद्या चार मिनिटं आधी त्याच जागी खराब होणार. सिंटिलेशन असं शिस्तीत येत नाही, एक दिवस भयंकर, दुसऱ्या दिवशी काहीच नाही.

बेसस्टेशन_बाप्पा

मग गगन लावून बघायचं का? आपलं इस्रोचंच आहे, आयनोस्फिअरसाठीच बनवलंय असं वाचलेलं.

चुंबकसुई

गगन ही सॅटेलाईटवरून करेक्शन देणारी सिस्टीम, ती विमानांसाठी आहे, इस्रो आणि विमानतळ प्राधिकरण मिळून केलंय, १५ रेफरन्स स्टेशन आहेत त्यात नागपूर आणि गोवापण. विषुववृत्तीय भागात अशी सिस्टीम पहिल्यांदा चालवून दाखवली हे खरंच मोठं काम आहे, नेमकं या बुडबुड्यांमुळेच तिथं आयनोस्फिअरचं मॉडेल वेगळं करावं लागलं. पण ते मीटरच्या हिशोबात. पाईलच्या मार्किंगला नाही चालणार. नाविकचा (आपल्या भारताच्या नेव्हिगेशन सॅटेलाईटचा) एस बँड या बाबतीत छान आहे, एका युनिटला साडेसहा सेंमीच चूक, पण सर्व्हेच्या मशीनमध्ये सहसा नाविकचा एल५ येतो आणि तो एल१ पेक्षाही हळवा.

इलिनॉयकर

इकडे अमेरिकेत शेतीच्या मशीनच्या लाईनमध्ये आहे, मूळ गाव कराडजवळ. आमच्याकडं उलटा प्रकार, रोजचा त्रास नाही पण वादळ आलं की वाट लागते. १० मे २०२४ आठवतं का, जी५ वादळ (सगळ्यात वरचा दर्जा), २००३ च्या ऑक्टोबरनंतर पहिलंच त्या दर्जाचं. लडाखमध्ये हानलेला आकाश लाल दिसलं त्याचे फोटो तिकडं फिरत होते, आणि इकडं मिडवेस्टमध्ये ऐन मक्याची पेरणी, पावसाने आधीच लांबलेली, शुक्रवारची संध्याकाळ, लोक रात्रभर पेरायच्या तयारीत. आणि ट्रॅक्टरचं ऑटोस्टिअर गंडलं. इकडं ड्रायव्हर हात लावतच नाही स्टिअरिंगला, आरटीकेवर ओळ सेंटिमीटरमध्ये धरतो, ती ओळ सरकायला लागली. बऱ्याच जणांनी सरळ मशीन बंद करून घर गाठलं. ज्यांनी रेटलं त्यांना डीलरांनी मेसेज टाकले की त्या वेळात पेरलेल्या ओळी नंतर खत-फवारणीला जुळणार नाहीत, लक्षात ठेवा. मका उगवल्यावर वाकडी ओळ रस्त्यावरून दिसते हो, गावभर चर्चा होते, इकडंपण.

तेव्हा बेस स्टेशनं सगळी चालू होती, नेटवर्क चालू होतं, काहीच तुटलेलं नव्हतं. शेतकऱ्याला हे पटवणं सगळ्यात अवघड.

ड्रोनदादा_नाशिक

म्हणजे मी संध्याकाळचं मॅपिंग करतो ते पीपीकेने सुटेल ना? घरी येऊन प्रोसेस करतो, लाईव्ह फिक्सची गरजच नाही.

चुंबकसुई

अर्धं सुटेल. पीपीकेत डेटा पुढून-मागून दोन्ही बाजूंनी चालवता येतो, स्लिप झालेला तुकडा कापता येतो, एखादा सॅटेलाईट पूर्ण बाहेर काढता येतो, हे आरटीकेत शक्य नाही. पण सिग्नलच आला नसेल तर सॉफ्टवेअर कुठून आणणार? आणि तू संध्याकाळी म्हणजे उजेड असताना उडवत असशील ना, साडेसहाच्या आत. मग तसंही तुला फारसं काही होत नाही.

माणदेशी_रोव्हर

मंडळी, काकांनी सांगितल्याप्रमाणे काल ट्रायपॉडवर लावून बसलो. सात चाळीसला पश्चिमेकडचे दोन गॅलिलिओ आणि एक बैदू नाचायला लागले, ४६ वरून २९ वर, परत ४४. एल१ चा आकडा कमी हलतो, एल२ आणि एल५ चा जास्त. पूर्वेकडचे तेव्हा ठणठणीत. सव्वाआठला डोक्यावरचे. नऊच्या सुमारास १४ मिनिटं एकदम शांत, फिक्स पक्का, मला वाटलं संपलं, आणि परत सुरू. सकाळी सहाला तीच अँटेना तोच बेस तीच केबल, सगळे सरळ रेषेत. अँटेना घेत नाही मी.

आता प्रश्न असा की रात्री काम करायचंच झालं तर काही सेटिंग आहे का? ऊन तर कमी होणार नाही. आणि क्लायंटला काय सांगू?

पोलधारी_काका

सेटिंगमध्ये जादू नाही. चारही कॉन्स्टेलेशन (जीपीएस, ग्लोनास, गॅलिलिओ, बैदू) चालू ठेव, कुणीतरी बैदू बंद करायला सांगतं ते ऐकू नको, जितके जास्त तितके नाचणारे वगळून उरतात. फर्मवेअर अपडेट कर, नव्या बोर्डांमध्ये यासाठी वेगळं गणित टाकायला लागलेत आणि फरक पडतो. फिक्सचा कॉन्फिडन्स कमी-जास्त करायचं ऑप्शन असेल तर सगळ्यात कडकवर ठेव, फिक्स उशिरा मिळेल पण खोटा कमी मिळेल. काहीजण एलिव्हेशन मास्क (किती अंशांखालचे सॅटेलाईट सोडायचे ते) २०-२५ वर नेतात, त्याने खालचे खराब जातात हे खरं पण उंचीची पकड अजून ढिली होते, मी १५ च्या वर जात नाही.

खरा उपाय वेळेचा. पहाटे साडेचारला निघा. ऊन नाही, बुडबुडे बहुतेक मेलेले असतात, साडेनऊपर्यंत पाच तास मिळतात. पोरं कुरकुरतील, त्यांना चहा-पोहे साईटवर द्या. संध्याकाळी पाच ते सात टोपो, त्यानंतर मशीन बंद. रात्री करायचंच असेल तर टोटल स्टेशन (प्रिझमवर प्रकाश मारून मोजणारं मशीन) काढा, प्रिझमला आयनोस्फिअर माहीत नाही. पाईलच्या लेव्हल तर मी दिवसापण ऑटो लेव्हलने तपासतो.

आणि आधीचे पॉईंट: साडेसातनंतरच्या वेळेचे जेवढे आहेत ते फाईलमधून टाईमने वेगळे काढ. त्यातले दहातला एक सकाळी परत घे, पहिल्या फिक्सवर समाधान मानू नको, रोव्हर उलटा करून लॉक तोडून परत फिक्स घे आणि दोन्ही जुळतात का बघ. प्लॅन चालेल बहुतेक, लेव्हलवर विश्वास ठेवू नको. काँटूर त्या पट्ट्याचे परत काढावे लागतील, आता बोंब मारून उपयोग नाही, पाईल ठोकल्यावर कळण्यापेक्षा बरं.

बेसस्टेशन_बाप्पा

क्लायंटला सांग "वरून प्रॉब्लेम आहे" 😄 तो म्हणेल बिलपण वरूनच घे.

इलिनॉयकर

हसू नका, आमच्याकडं खरंच असंच म्हणतात.

चुंबकसुई

क्लायंटला सिंटिलेशन वगैरे शब्द नको देऊ. एक पान कर. वर सकाळी सहाचा सिग्नलचा ग्राफ, खाली त्याच सॅटेलाईटचा रात्री आठचा, बाजूला टीबीएमच्या दोन लेव्हल वेळेसकट. इंजिनियर माणूस आहे, ग्राफ बघून गप्प बसतो. हवं तर जोडीला सांग की हा प्रकार आपल्याकडं जुना आहे. १८५९ च्या सगळ्यात मोठ्या सौर वादळाची नोंद आपल्या कुलाब्याच्या वेधशाळेत झालेली आहे, आणि मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हटल्यावर ते मोजमाप १९०४ ला अलिबागला हलवलं, आजही तिथं चालू आहे. पनवेलची भूचुंबकत्व संस्था तेच बघते. याचा तुझ्या बिलाशी संबंध नाही पण बैठकीत वजन पडतं.

माणदेशी_रोव्हर

पहाटेचं ठरलं, उद्यापासून. ड्रायव्हर सोडून सगळे तयार. ग्राफ कुठून काढायचा तेवढं सांगा, कंट्रोलरमध्ये तर सेव्ह होत नाही.

चुंबकसुई

रॉ डेटा लॉगिंग चालू कर, १ हर्ट्झ पुरे, मग रिनेक्समध्ये (कुठल्याही सॉफ्टवेअरला चालणारी फाईल) बदलून फुकटच्या आरटीकेलिबमध्ये उघड, सिग्नलचा प्लॉट तयारच येतो. फक्त रात्री लवकर बंद करू नको, सात ते अकरा पूर्ण हवं, आणि रोव्हरबरोबर बेसचीही फाईल ठेव. काम नसलं तरी बेस तसाच चालू सोड. बॅटरी पुरेल का एवढं बघ.